आईवरचा राग

आमचं घर चामराजपुरममधलं. पूर्वी घरात कापड रंगवायचं काम चाले. आता आई दाराशी बसून साड्यांना फॉल-पिको करून देते. एका सकाळी एक डिलिव्हरीवाला फूटपाथवरूनच गाडी दामटत आला. शेजारची मुलगी शाळेला निघाली होती, थोडक्यात वाचली. आईने त्याला अडवलं आणि असं फैलावर घेतलं की विचारू नका. तिचा आवाज मुळातच मोठा.

कुणीतरी तेवढंच फोनमध्ये टिपलं. मुलगी त्यात नव्हतीच. दिसत होती ती गरीब पोरावर किंचाळणारी बाई. दुपारपर्यंत व्हिडिओ गल्लीच्या ग्रुपवर, देवळाच्या ग्रुपवर, हूटगळ्ळीच्या माझ्या ऑफिसच्या ग्रुपवरही आला. खाली लाल, रागीट तोंडांची रांग. एकाने ‘लाज वाटायला हवी’ लिहिलं की पुढचा त्याच्याहून वरचढ. आणि गंमत म्हणजे तो व्हिडिओ पाहताना मलासुद्धा आईचा राग आला. सकाळी मी तिच्या शेजारी उभी होते, तरी!

“माफीचे दोन शब्द टाकते,” मी फोनवर टाइप करत म्हणाले.

“कशाची माफी? पुस ते.”

मग चष्मा लावून तिने रागावलेल्यांची नावं वाचली आणि चपला घातल्या. मी मागोमाग.

आधी तिच्या देवळातल्या मैत्रिणीचं घर.

“तुला माझा राग आलाय म्हणे. मी आलेय. बोल.”

मैत्रीण गोंधळली. “अय्यो अक्का, सगळ्यांनी दाबलं, म्हणून मीही सुम्ने दाबलं.”

“सुम्ने? उगाचच? माझ्यावरचा राग तुला असा उगाच येतो?”

पुढच्या घरातले निवृत्त मास्तर मात्र मागे हटले नाहीत. “आवाज तरी खाली ठेवायचा.”

“गाडी जोरात आली मास्तर. आवाज हळू कसा येईल?”

तिसरं दार उघडलंच नाही. आत टीव्ही चालू होता.

संध्याकाळी मैत्रिणीने आपलं रागीट तोंड काढून टाकलं. मुलीच्या वडिलांनी गल्लीच्या ग्रुपवर घडलेलं सगळं नीट लिहिलं, पण ते फारसं कुणी पुढे पाठवलं नाही. व्हिडिओ अजून फिरतोय. मास्तर अजून बोलत नाहीत. काही दिवस साड्याही कमी आल्या. आई रोज दाराशी बसलीच.

ऑफिसच्या ग्रुपवर मी लिहिलं, ‘ही माझी आई. तिने एका मुलीसाठी गाडी अडवली. ज्याला राग आलाय त्याने घरी यावं, ती असते.’ मग एकाने कॅन्टीनच्या जेवणाचा फोटो टाकला.

मी ग्रुप सोडला नाही. का सोडू?