ग्रहण टिपलं त्या संध्याकाळनंतर

ज्योत्स्नाचे वडील सुपडू रावेरहून बुऱ्हाणपूरजवळच्या कागद मिलमध्ये कामाला गेले आणि तिकडचेच झाले. मुलीच्या हातात पहिला कॅमेरा त्यांनीच दिला. लग्न होऊन ती बुऱ्हाणपूरला आली, तिथल्याच लालबाग भागात तिनं स्टुडिओ टाकला आणि पुढे ड्रोनही उडवायला शिकली. वरातीवर भिरभिरणारं ते यंत्र एक बाई चालवते म्हटल्यावर लोक नवरदेवाला सोडून तिच्याभोवती जमत. पण सगळी वर्षं दुसऱ्यांची लग्नं टिपण्यात गेली. एक तरी फोटो आपल्या हौसेचा असावा, असं तिला फार वाटे.

दोन हजार बावीसच्या दिवाळीत, लक्ष्मीपूजन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, मावळतीला सूर्यग्रहण होतं. ड्रोनच्या कॅमेऱ्याला मान फार वर करता येत नाही, त्यामुळे खाली उतरलेला सूर्य म्हणजे चालून आलेली संधी होती. सासूबाई भागाबाईंनी दुपारीच पाण्यात, लोणच्यात तुळशीची पानं टाकून ठेवली होती.

"गिऱ्हानाकडे पाहू नको व माय," त्या म्हणाल्या.

"मी कुठं पाहते? कॅमेरा पाहील," असं म्हणून ती हसत निघाली.

असीरगढ किल्ल्याच्या पूर्वेला तिच्या देवराममामांचं केळीचं शेत होतं. तिथल्या बांधावरून ड्रोन केळीच्या वर गेला आणि स्क्रीनवर किल्ल्याची काळी रेघ उमटली. तिच्यावर कडेनं कुरतडलेला सूर्य. मनासारखे फोटो मिळाले. मग अचानक स्क्रीन अडकली. हात लावला तरी ढिम्म. बॅटरी उतरल्याची शिटी वाजायला लागली. आता डोळ्यांनी बघूनच ड्रोन खाली आणायचा होता, आणि तो होता नेमका सूर्याच्या रेषेत. कॅमेऱ्यावर गडद काच तिनं आठवणीनं बसवली होती. डोळ्यांवर काहीच नव्हतं.

"पोरी, नजर काढ तिकडून," मामा म्हणाले. "पडू दे पडला तर."

तिनं ऐकलं नाही. हाताचा आडोसा धरून ती त्या झगमगाटात एक काळा ठिपका शोधत राहिली. ड्रोन सापडला, सुखरूप उतरला.

घरी आल्यावर तिनं फोटो कॉम्प्युटरवर लावले. किल्ला दिसत होता, आभाळ दिसत होतं. सूर्यावर नजर ठेवली की तो नाहीसाच होई. तिथं करडा डाग. डोळे धुतले, पुन्हा बघितलं. डाग जिथल्या तिथं. अंगणातल्या पणतीकडे पाहिलं, तर पणती होती, ज्योत नव्हती. फोकस धरणाऱ्या माणसाच्या नजरेचा मधलाच भाग गेला तर राहिलं काय?

कुणाला सांगायची सोय नव्हती. नवरा जीवन काळजीनं अर्धा झाला असता, आणि सासूबाई म्हणाल्या असत्या, मी सांगितलं होतं. दोन दिवस ती अंदाजानं वावरली. भाऊबीजेला गव्हातले खडे निवडायला बसली तेव्हा भागाबाई बराच वेळ तिच्या हाताकडे बघत राहिल्या. खडे ताटातच राहत होते.

"तुले दिसत नही का?" त्यांनी हळूच विचारलं.

ज्योत्स्नाला रडू फुटलं. सगळं सांगून झालं तरी भागाबाई रागावल्या नाहीत. ताट बाजूला सारलं, पायात चपला घातल्या. "चाल, आधी दवाखान्यात जाऊ. बोलाचं ते मंग बोलू."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, उन्हानं पडदा भाजलाय. याला खास औषध नाही. बऱ्याच जणांचा डाग महिन्या-दोन महिन्यांत विरतो, काहींचा राहतो. तुमचं कसं होईल ते आज सांगता येणार नाही.

तुळशीच्या लग्नानंतरची कामं तिनं दुसऱ्या फोटोग्राफरला देऊन टाकली. भागाबाई रोज सकाळी तिच्यासमोर भिंतीवरचं कॅलेंडर धरत आणि तारीख वाचायला लावत. काही वेळा ती आठवून सांगे. ते त्यांना लगेच कळे, मग मुद्दाम दुसऱ्याच तारखेवर बोट ठेवत.

संक्रांतीपर्यंत उजवा डोळा निवळला. डाव्यात मात्र बारीकसा करडा डाग राहिला. ती आता कॅमेरा उजव्या डोळ्याला लावते, कामंही पूर्वीसारखी घेते. पण सकाळी उठल्याबरोबर उजवा डोळा झाकून छताच्या पंख्याकडे बघायची सवय काही सुटत नाही. कधी वाटतं डाग कमी झालाय, कधी वाटतं वाढला तर नाही.

"आज कसं?" भागाबाई चुलीपाशी बसून विचारतात.

"आहे तसंच," ती म्हणते, आणि पुन्हा एकदा बघते.