रंभेचं लग्न झालं की नाही?

वाचनालय चालवणाऱ्या बाईला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. काउंटरमागं खुर्ची टाकून बसलं, की लोक पुस्तक परत करतात आणि वर एक किस्सा फुकट देऊन जातात. जुळे सोलापुरातल्या आमच्या वाचनालयात मी कित्येक वर्षं बसतेय, पण एका पुस्तकानं जेवढं डोकं खाल्लं तेवढं कुणीच खाल्लं नाही.

पुस्तकाचं नाव ‘रंभेचा रुसवा’. हलकीफुलकी ऐतिहासिक कादंबरी. किल्लेदाराची लेक रंभा आणि घोड्यांचा वैद्य रायाजी. आधी भांडण, मग प्रेम, मग रायाजी मोहिमेवर जातो. मागणी इतकी, की दोन प्रती घ्याव्या लागल्या. आमच्याकडं नवं पुस्तक आधी बाइंडरकडं जातं. तो ते उसवतो, पुन्हा शिवतो आणि जाड पुठ्ठा घालून देतो. नाहीतर चार हातांत पुस्तकाचा पाचोळा होतो. एक प्रत लाल पुठ्ठ्यात आली, एक निळ्या.

*

लाल प्रत पहिल्यांदा नेली बिराजदार सरांनी. निवृत्त मुख्याध्यापक, विषय इतिहास. दोन दिवसांत पुस्तक काउंटरवर आपटलं.

“घोड्याला जुलाब? ऐतिहासिक कादंबरीत?”

“का सर, तेव्हाच्या घोड्यांना होत नसतील?”

“प्रश्न तो नाही. गांभीर्य पाहिजे! आणि शेवटी काय, लग्न लागतं, परत लग्न लागतं. तेच मंगलाष्टक, तेच रुसलेले व्याही. लेखिकेला पुनरुक्तीचा रोग आहे.”

सरांना एकच गोष्ट तीनदा सांगायची सवय आहे, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. पुस्तक पुसून कपाटात ठेवलं.

*

लाल प्रतीच्या दुसऱ्या वाचक आमच्या नेहमीच्या सभासद अक्का. मूळच्या मैंदर्गीच्या. शाळा कानडीतून झालेली, त्यामुळं मराठी हळूहळू वाचतात, पण एक अक्षर सोडत नाहीत.

“यव्वा, लई ग्वाड पुस्तक हाय बघ. पोरीचं लगीन दोनदा लावलंय.”

“दोनदा कसं अक्का?”

“कसं म्हंजे? हौस. एकुलती एक लेक हाय किल्लेदाराची. आपल्याला काय, वाचायचं आन् अक्षता टाकायच्या.”

अक्कांचाही मुलगा एकुलता एक. संतोष. पुण्यात नोकरीला. त्याच्या लग्नात काय काय करणार हे मग त्यांनी मला अर्धा तास ऐकवलं. मुलगा मात्र लग्नाचा विषय काढला, की मोबाइल बघत बसतो म्हणे. मला त्यांचं वाईट वाटलं.

*

निळी प्रत नेली होती रेश्मानं. चिंचोळी एमआयडीसीत एका कंपनीच्या ऑफिसात असते. गुणी पोरगी, पण नाकावर राग. गुरुवारी पुस्तक परत द्यायला आली ती लाल डोळ्यांनी.

“काय काकू हे? शेवटी ती बुरुजावर उभी राहून धुळीकडं बघतेय आणि पुस्तक खलास. तो येतो का नाही, काहीच नाही. पुस्तक हसरं आहे म्हणून दिलंत की तुम्ही!”

मी म्हटलं, अगं, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? तर खुर्ची ओढून बसली आणि सगळंच बोलून टाकलं. तिचं आणि अक्कांच्या संतोषचं जमलेलं. तो दर खेपेला म्हणतो, पुढच्या वेळी आईला सांगतो. अक्कांना पत्ताच नाही. आणि रेश्माचे बाबा येत्या रविवारी दुसरं स्थळ घरी आणणार.

“मी नाही काकू बुरुजावर म्हातारी होणार. शनिवारी तो पुण्याहून आला, की संध्याकाळी मीच घरी जाऊन अक्कांना सांगणार. हो तर हो, नाही तर नाही.”

अक्का काय म्हणतील, सांगता येत नव्हतं. नाही म्हणाल्या तर पोरीचं काय होणार? पण तिचं तोंड बघून मी अडवलं नाही.

*

शनिवारी दुपारी जोशी मॅडम आल्या. कॉलेजात मराठी शिकवतात. त्यांनी लाल प्रत वाचलेली.

“अप्रतिम! पहिलं लग्न हे रंभेचं स्वप्न आहे आणि दुसरं वास्तव. शब्दसुद्धा बदललेला नाही, बघा. काय धाडस आहे लेखिकेचं! मी यावर पेपर वाचणार आहे.”

आता मात्र माझं डोकं फिरलं. एकाच कादंबरीत सरांना रोग दिसतो, अक्कांना हौस, मॅडमना स्वप्न, आणि रेश्माला लग्नच दिसत नाही? दोन्ही प्रती शेजारी उघडल्या. लाल प्रतीत शेवटची सोळा पानं दोनदा शिवलेली. निळ्या प्रतीत ती नाहीतच. नेमकं बुरुजावर प्रकरण संपतं, म्हणून कुणाला शंकाही आली नाही.

बाइंडरला फोन लावला. तो थंडपणे म्हणाला, “बाई, पानं कुटं गेली न्हाईत की. एकात कमी, एकात जास्त. दोनी मिळून बरोबर हाय.”

मॅडम शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “तरी स्वप्नाचा मुद्दा राहतोच.”

*

माझं लक्ष घड्याळाकडं. रेश्मा आज संध्याकाळी अर्धवट पुस्तक वाचून आयुष्याचा निकाल लावायला निघाली होती. काहीही झालं तरी पुढची पानं तिच्या हातात द्यायचीच, असं मी ठरवलं. लाल प्रतीतली त्या सोळा पानांची जादा जुडी ब्लेडनं सोडवली, वाचनालयाला कुलूप घातलं आणि स्कूटीवरून अक्कांचं घर गाठलं.

दार उघडंच होतं. अक्का सोफ्यावर, संतोष भिंतीला टेकून, मध्ये रेश्मा उभी. ती बोलायची थांबत नव्हती.

“अक्का, ती रंभा बुरुजावर वाट बघत बसली तशी मी नाही बसणार. ते सांगायला आलेय.”

अक्का गोंधळल्या. “आगं, ती कुटं बसलीय? तिचं लगीन झालं की. दोनदा!”

“रंभेचं सोडा अक्का. मी माझं बोलतेय. माझं आणि तुमच्या संतोषचं.”

अक्कांनी मुलाकडं पाहिलं. तो मोबाइल शोधत होता, आणि मोबाइल अक्कांच्या मांडीखाली.

“व्हय रं?” अक्का म्हणाल्या.

संतोषनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते देवालाच ठाऊक.

मी पुढं झाले. रेश्मासमोर ती सोळा पानं धरली. “बाइंडरची चूक झाली गं. रायाजी परत येतो. लंगड्या घोड्यावरून येतो, चारचौघांत किल्लेदाराला मागणी घालतो, सगळं आहे यात. आधी हे वाच.”

तिनं पानांकडं पाहिलंसुद्धा नाही.

“मला नको काकू. ह्याला द्या. पुढं काय करायचं असतं ते ह्याला माहीत नाही.”

मी पानं संतोषच्या हातात दिली. अक्का सोफ्यावर सरकल्या आणि रेश्माला शेजारी बसवून घेतलं. मग त्या मुलाला म्हणाल्या, “वाच. मोठ्यानं वाच.”

संतोष चष्मा शोधायला लागला.