दोन कानांचे दोन सा

सा-बाईंना हे नाव पडलं ते एका वैतागलेल्या बापामुळे. त्याची मुलगी त्यांच्याकडे गाणं शिकायला येत होती. महिना उलटला तरी घरी येऊन नुसता सा लावते, पुढे सरकतच नाही, म्हणून तो भांडायलाच आला होता. बाई वर्ग घेत होत्या. त्यामुळे तो जिन्यातच थांबला आणि खालच्या शिवणाच्या दुकानात बसलेल्या ताईला म्हणाला, "तुमच्या बहिणीला सा सोडून दुसरं काही येतं की नाही?" ताई तोंडातल्या टाचण्या काढून हसत सुटली. संध्याकाळपर्यंत हे नाव गल्लीभर झालं.

बाईंना त्याचा राग कधी आला नाही. गाण्याचा पायाच त्या शिकवत. मजले चढवायचं काम इतरांनी करावं, असं त्या म्हणायच्या. त्यांच्याकडे पहिले काही दिवस गायचंच नसे, फक्त ऐकायचं. पियानोवर एक पट्टी दाबायची, मग दुसरी. "कोणता वर, कोणता खाली? डोळे मिटून सांगा." मग लय. वर्गातल्या मोरीचा नळ टपटपायचा, तो त्यांनी मुद्दाम दुरुस्त केला नव्हता. त्या थेंबांवर सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावायच्या. त्यानंतर आवाजाचा रंग. तोच सा पियानोवर, तोच काचेच्या पेल्यावर चमचा मारून, तोच स्वतःच्या गळ्यातून. "सूर एकच आहे ना? मग वेगळं काय वाटतं?" उत्तर येईपर्यंत त्या कोणालाही पुढे जाऊ देत नसत.

आणि प्रत्येक नव्या माणसाला एक वाक्य ठरलेलं होतं. "गळा फसवेल, बोटं फसवतील. कान खोटं बोलत नाही."

हे वाक्य त्या स्वतःच्या जिवावर म्हणत. त्यांचा कानच तसा होता. कुकरची शिट्टी कोणत्या पट्टीत झाली ते त्या स्वयंपाकघराबाहेरून सांगत. लग्न केलं नव्हतं. आईवडील गेल्यावर दोघी बहिणीच राहिल्या होत्या, वर बाईंचा वर्ग आणि दोन खोल्या, खाली ताईचं दुकान. ताई मोठी, अंगाने आडवी, तोंडाची फटकळ. तिला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. तरी बाईंच्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम असला की ती नवं पोलकं शिवून पहिल्या रांगेत हजर.

त्या सोमवारी सकाळी बाई सर्दीतून नुकत्याच उठल्या होत्या. डोकं जड होतं. उजव्या कानाला दडे बसल्यासारखं वाटत होतं, पण सर्दीत तसं होतंच म्हणून त्यांनी मनावर घेतलं नाही. चहा पिऊन त्या पियानोशी बसल्या आणि सवयीने सा दाबला.

हात झटक्यात मागे आला.

एका पट्टीतून दोन आवाज आले होते. एक ओळखीचा सा, आणि त्याला खेटून, त्याहून जरासा चढा, दुसराच कोणीतरी. दोन्ही एकमेकांवर घासत होते. त्यांनी रे दाबला, तेच. ग दाबला, तेच. वरच्या पट्ट्यांवर तर काचा फुटल्यासारखं झालं. शनिवारी संध्याकाळपर्यंत हा पियानो सुरात होता! एका रविवारात सगळ्याच्या सगळ्या तारा उतरतात कशा?

"ताई, रविवारी कोणी वर आलं होतं का गं? पियानोला कोणी हात लावला?" त्यांनी जिन्यातून ओरडून विचारलं.

"तुझ्या पियानोला हात लावायची कोणाची छाती आहे?" खालून उत्तर आलं.

बाईंनी पियानो लावून देणाऱ्या काकांना फोन केला. ते म्हणाले, उद्या येतो. दुसरा इलाज नव्हता. पियानो बंद करून त्यांनी नुसत्या गळ्यावर वर्ग घ्यायचं ठरवलं.

सकाळच्या वर्गाला मोठी माणसं येत. त्यात एक बेकरीवाला होता, दारात मावणार नाही असा धिप्पाड, आणि आवाज लोण्यासारखा मऊ. बाईंचा तो लाडका विद्यार्थी. पहाटेच्या भट्ट्या उरकून, केसांत पीठ घेऊनच तो वर्गाला यायचा. बाईंनी त्याला सा लावायला सांगितला. त्याने लावला.

"खाली येतोय. नाही, वर जातोय. काय चाललंय तुमचं?"

त्याने पुन्हा लावला. बाईंच्या अंगावर काटा आला. इतका फाटका सूर त्याच्या गळ्यातून त्यांनी कधी ऐकला नव्हता. मग त्याच्या शेजारी बसलेली, पेशाने नर्स असलेली विद्यार्थिनी गायली, तीही फाटकी. सगळे मिळून गायले तेव्हा खोलीत भांड्यांचा ढीग कोसळल्यासारखं झालं.

"थट्टा करताय का माझी सगळे मिळून?" बाईंचा आवाज चिरकला. आणि त्या थबकल्या, कारण तो चिरका आवाजही त्यांना दोनदा ऐकू आला होता. पण तेव्हा त्या एवढ्या तापल्या होत्या की थबकणं क्षणभरच टिकलं. "इतकी वर्षं शिकून हा सूर? यापेक्षा गाढव बरं! तुम्ही उद्यापासून आला नाहीत तरी चालेल."

हे शेवटचं त्या बेकरीवाल्याकडे बघून बोलल्या. तो चपला हातात घेऊनच जिना उतरला. नर्स जिन्यात ताईला म्हणाली, "बाईंना बरं नाही का हो? आम्ही तर नेहमीसारखंच गायलो."

दुसऱ्या दिवशी पियानोवाले काका आले. अवजारांची पिशवी उघडली, झाकण काढलं, एकेक तार ऐकली. त्यांच्याकडे सूर दाखवणारं एक छोटं यंत्र होतं, तेही लावून पाहिलं. बाई मागे हाताची घडी घालून उभ्या. ताई काज करायचं एक ब्लाउज घेऊन दारात येऊन बसली होती.

"बाई, पियानो ठीक आहे," काका म्हणाले.

"ठीक? हे ठीक?" बाईंनी पुढे होऊन सा दाबला. "हे दोन-दोन आवाज तुम्हाला ऐकू येत नाहीत?"

"एकच येतोय."

"काका, वय झालं तुमचं. कान तपासून घ्या."

ताईने सुई थांबवली. काका मात्र चिडले नाहीत. यंत्र पिशवीत ठेवता ठेवता त्यांनी बाईंकडे नीट पाहिलं आणि हळूच म्हणाले, "माझं एक ऐका. एक कान दाबून धरा. मी वाजवतो."

बाईंनी रागारागानेच उजवा कान तळव्याने दाबला. काकांनी सा वाजवला. सा आला. स्वच्छ, गोल, एकटा.

"आता दुसरा."

बाईंनी डावा कान दाबला. काकांनी तीच पट्टी वाजवली. आणि तो सा नव्हता. तो सा आणि रे यांच्या मधला कुठला तरी बेवारशी सूर होता, पत्र्यासारखा.

"वाजवा परत."

काकांनी परत वाजवलं.

"तुम्ही पट्टी बदलताय."

"नाही बदलत, बाई. या, बघा."

त्यांनी पाहिलं. काकांचं बोट होतं तिथेच होतं. त्या तिथेच जमिनीवर बसल्या, भिंतीला टेकूनसुद्धा नाही, खोलीच्या मधोमध. ताई पाणी घेऊन धावली. काकांनी झाकण बसवलं, पिशवी उचलली आणि जाताना फक्त एवढंच म्हणाले, "डॉक्टरकडे आजच जा. उद्यावर टाकू नका."

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. उजव्या कानाच्या आतल्या भागाला सर्दीच्या निमित्ताने इजा झाली होती. त्या कानाला कमी ऐकू येत होतं, आणि जे येत होतं ते चढं येत होतं. "असं होतं कधी कधी. औषध सुरू करू. सुधारेल कदाचित, पूर्ण सुधारेल असं मी सांगू शकत नाही."

"पण मला कळलं कसं नाही?" बाईंनी विचारलं.

"कानात बिघाड आहे हे कानालाच कसं कळणार?" डॉक्टरीणबाई सहज म्हणून गेल्या आणि पुढचा पेशंट बोलावला.

घरी येऊन बाईंनी वर्गाच्या दाराला कडी लावली. ताईने विद्यार्थ्यांना निरोप दिला की आठवडाभर सुट्टी. बाई खिडकीत बसून राहायच्या. रस्त्यावरच्या गाडीचा हॉर्न, शेजारच्यांची दारावरची घंटा, सगळं जोडीजोडीने यायचं. त्यांना रडूसुद्धा आलं नाही. अंगात एक सुन्नपणा भरला होता. आपण दोन्ही डोळ्यांनी लख्ख बघत होतो आणि समोरची भिंत तिथे नव्हतीच, असं काहीसं. चपला हातात घेऊन उतरणारा बेकरीवाला आठवला की मात्र त्या उठून खोलीत फेऱ्या मारायच्या.

एका दुपारी ताई ताट घेऊन वर आली. बाईंनी ताटाकडे बघितलं नाही.

"ताई, तुला नाही कळायचं. गाणं म्हणजे नुसता कलकलाट झालाय. भांडी आपटल्यासारखी. सगळं आयुष्य ज्यात घातलं ते असं ऐकू येतंय."

ताईने ताट खाली ठेवलं. पदराला हात पुसले. आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मला तसंच ऐकू येतं."

"काय?"

"गाणं. मला पहिल्यापासून तसंच ऐकू येतं. भांडी आपटल्यासारखं. वर कोणता, खाली कोणता, मला कधी कळलंच नाही. लहानपणी वाटायचं सगळ्यांनाच तसं येत असेल आणि लोक उगाच माना डोलवतात. मग तू गायला लागलीस. तुझं तोंड बघून कळलं की नाही, यांना काहीतरी वेगळं येतंय."

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. लहानपणापासून एका ताटात जेवलेली, एका पांघरुणात झोपलेली बहीण. पियानोवाल्या काकांच्या समोर बसला होता तो धक्का यापुढे काहीच नव्हता.

"तू कधी बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तू एवढी खुशीत असायचीस. मी कशाला तुझ्या गाण्याला भांडी म्हणू?"

"आणि कार्यक्रम? तीन-तीन तास पहिल्या रांगेत बसायचीस!"

"गाणं ऐकायला थोडीच बसायचे? तुला बघायला बसायचे." ताई जराशी लाजली. "बाकी टाळ्या वाजवायला आवडायचं. ठेका मला कळतो. माझं मशीन काय उगाच चालतं का? पायडल चुकलं की टीप चुकते. तेवढं तुझ्या गाण्यातलं माझ्या वाट्याला आलं. जेव आता, गार होतंय."

बाईंनी ताट पुढे ओढलं. आपण एवढ्या तयार कानाच्या म्हणवायचं, आणि वरच्या मजल्यावरून दिवसभर आपण जे खाली सोडत होतो ते ताई कलकलाट म्हणून ऐकत, मुकाट्याने काज करत बसत होती. इतकी वर्षं! आपल्याला कुकरची पट्टी ऐकू आली, हे नाही ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चालत बेकरीत गेल्या. बेकरीवाला पावाचे ट्रे लावत होता. त्यांना बघून तो दचकला, ट्रे हातातून सुटता सुटता राहिला.

"तुमचा सूर बरोबर होता," बाई काउंटरपाशी उभ्या राहून म्हणाल्या. "माझा कान बिघडला होता. मी बोलले ते फार वाईट बोलले. माफ करा."

गिऱ्हाइकं बघत होती. बेकरीवाल्याने घाईघाईने एक गरम पाव कागदात गुंडाळला आणि त्यांच्या हातात कोंबला. "बाई, मी तर गाणंच सोडलं होतं," तो म्हणाला. "बायको म्हणाली, गाढव म्हणाल्या तर म्हणू देत, तू जा. पण मला वाटलं, तुमचा कान तर खोटं बोलत नाही."

बाईंचं स्वतःचंच वाक्य असं समोरून अंगावर आलं. "बोलतो खोटं," त्या म्हणाल्या. "सोमवारी या."

सोमवारी त्यांनी उजव्या कानात कापूस घातला आणि सगळ्यांना जे झालं ते सांगून टाकलं. काही जणांचे डोळे मोठे झाले. एक जण पुढच्या महिन्यापासून यायचा बंद झाला. ज्यांना स्वतःला नीट ऐकू येत नाही त्यांच्याकडे गाणं कसं शिकायचं, असं तो बाहेर म्हणाल्याचं कानावर आलं. बाईंना ते लागलं, पण त्याचं काही चुकलं असं त्यांना म्हणता येईना. बाकीचे राहिले. सूर तपासायला काकांनी आपलं जुनं यंत्र आणून दिलं, आणि त्याहून जास्त उपयोग झाला तो एकमेकांच्या कानांचा. "मला चढा वाटतोय, तुम्हाला?" असं बाई आता विचारायच्या आणि उत्तराची खरंच वाट बघायच्या. नर्स आणि बेकरीवाला यांचं पटलं नाही की वर्ग तासभर त्यातच जायचा. त्यातून लोक पूर्वीपेक्षा जास्त ऐकायला शिकले, असं बाईंचंच मत.

काही महिन्यांनी कानातला पत्र्याचा आवाज उतरला. दोन सा जवळ आले, पण एक झाले नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता एवढंच. गल्लीतून ओळखीची गाडी हॉर्न देत गेली तरी बाई अजून दचकतात.

ताईलाही त्यांनी वर्गात बोलावलं, फक्त लयीच्या तासाला. ती आली. बेकरीवाल्यापेक्षा, नर्सपेक्षा, खुद्द बाईंपेक्षा तिचा ठेका पक्का निघाला. सगळे तोंडात बोटं घालून बघत होते. पण आठवडाभरातच ती कंटाळली. "नुसत्या टाळ्या वाजवून ब्लाउज शिवून होत नाहीत," असं म्हणून ती खाली गेली, मशीनवर बसली. आता दुपारचा वर्ग सुटला की बाई मधूनच जिन्याच्या शेवटच्या पायरीवर जाऊन बसतात. ताई पायडल मारत असते.

"काय ऐकतेस गं?" ताई कधी तरी विचारते.

"तुझं मशीन," बाई म्हणतात.

"त्यात काय ऐकायचंय?" म्हणून ताई दोरा तोडते आणि दुसरी बाही लावायला घेते.