पूर्ण मार्क देणारे समाजशास्त्राचे सर

मंडळी, आज दुपारी इंटरनेटवरच्या एका विद्वानाने माझं डोकं फिरवलं.

शेजारी खोली घेऊन राहणारी प्रणाली नोकरी सांभाळून बाहेरून बीए करते. परवा समाजशास्त्राचा पेपर, म्हणून आली, ‘काकी, नेटवर चांगलं काही शोधून द्या ना.’

पहिल्याच व्हिडिओत सर अर्धा वेळ लाइक मागत होते. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या नन्सनी अशा मागण्यावर हातावर पट्टी ओढली असती. मग म्हणाले, ‘खेड्यातली जातिव्यवस्था इतिहासजमा झाली. एवढंच लिहा, पूर्ण मार्क!’

प्रणाली पालीजवळच्या बौद्धवाडीतली. म्हणाली, ‘मग आमची वाडी गावाच्या टोकाला कशी ओ काकी? वाट चुकली काय?’

पुढच्या साइटींवरही तेच वाक्य, उचलून चिकटवलेलं. शेवटी एका विद्यापीठाचं फुकट अभ्याससाहित्य सापडलं. रंग नाही, संगीत नाही, पण वाडी वेगळी का, हे सरळ लिहिलेलं. तिने तेच वाचायला घेतलं.

जाताना दारात थांबली. ‘पण काकी, पेपर तपासणाऱ्यांनी त्या सरांचाच व्हिडिओ बघितला असेल तर?’

तुमच्यात कोणी पेपर तपासणारे असतील, तर त्यांनी तिला उत्तर द्यावं. लाइक नकोत.