ठमाबाईचं झाकण

पनवेलच्या मासळीबाजारात ठमाबाई कोळीण तीस वर्षं एकाच जागी बसत आली. मासा आजचा की कालचा हे ती लांबूनच ओळखायची, आणि शिळा असेल तर गिऱ्हाइकाला स्वतःच सांगायची, "यो नको नेऊ." तिच्या पाटीपुढची गर्दी म्हणून कधी हटत नसे.

बासष्ट सालच्या दिवाळीनंतर एके सकाळी तिच्या रोजच्या गिऱ्हाईक दमयंतीबाई आल्या.

"ठमाबाई, कालच्या बोयच्या कालवणाला घासलेटाचा वास. सगळं ओतून दिलं."

ठमाबाई चक्रावली. बोय ताजी होती, कल्ले लालबुंद. तिने पाटी बदलली, तरी आठवड्याभरात आणखी तिघींनी तेच गाऱ्हाणं आणलं. शेजारच्या कोळणी कुजबुजू लागल्या की ठमी घासलेटाच्या डब्यात मासे ठेवते. ते तिच्या जिव्हारी लागलं.

घरी जाऊन ती नवऱ्याला, गणूला म्हणाली, "उद्या तीन ठिकानची बोय आन. खाडीच्या तोंडाची, पुलाखालची आन नाल्याजवलची. एकात एक मिसलू नको."

"येडी झालीस काय? मासा तो मासाच."

"आन तर खरा."

दुसऱ्या दिवशी तिने तीन मडक्यांत नुसत्या पाण्यात मासे शिजत घातले. मीठ नाही, मसाला नाही, वर घट्ट झाकणं. वाफ धरल्यावर झाकणांच्या आतले थेंब एकेक करून हुंगले. पहिली दोन स्वच्छ. नाल्याजवळच्या मडक्याच्या झाकणाला मात्र घासलेटाचा भपकारा होता.

तिने नगरपालिका गाठली. आरोग्य खात्याने मुंबईहून कानविंदे नावाचा तरुण रसायनतज्ज्ञ बोलावला. त्याने कच्चा मासा हुंगला.

"मावशी, मला तर काहीच वास येत नाही."

ठमाबाईने मडकं चुलीवर चढवलं. थोड्या वेळाने झाकण त्याच्या नाकाशी धरलं, तसा तो हसायलाच लागला.

"आम्ही प्रयोगशाळेत हेच करतो. वाफ गार करून थेंब गोळा करायचे. फक्त आमचं भांडं काचेचं."

"मंग फुटत असंल," ती म्हणाली.

तो मासे आणि नाल्याच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन गेला. तीन आठवड्यांनी अहवाल आला: माशाच्या चरबीत खनिज तेल. नाल्याच्या वरच्या अंगाला ट्रक दुरुस्तीचा एक कारखाना होता, तिथलं तेलकट पाणी थेट नाल्यात सुटत होतं. नगरपालिकेने मालकाला तेल अडवणारा खड्डा बांधायला लावला, आणि गणूने इतर कोळ्यांना समजावून तिथली जाळी बंद करवली.

पुढच्या दसऱ्याला ठमाबाईने पुन्हा नाल्याजवळची बोय शिजवली. झाकण स्वच्छ निघालं. त्याच माशाचं कालवण तिने दमयंतीबाईंकडे वाटीभर पाठवलं. कुजबुजणाऱ्या कोळणीही आता शंकेचा मासा घेऊन तिच्याच दारात येऊ लागल्या. "ठमे, जरा बघ गो."

गुडघे दुखायला लागले तेव्हा तिने सुनेला, वेणूला, वर्षभर चुलीपाशी बसवून हे सगळं शिकवलं. वेणूने पहिल्यांदा एकटीने वास पकडला, त्या दुपारी ठमाबाई ओटीवर निवांत झोपली.