दादाने चिंतामणीला विचारलेला प्रश्न

मार्गशीर्षातला मंगळवार. ठिकाण तुळजापूर, भवानीचं देऊळ. हजर: आई, दादा, वहिनी आणि मी. गैरहजर: माधव, कारण गाडीत जागा नाही असं दादाने त्याला कळवलं होतं. मागचं सीट अर्धं रिकामं होतं.

मी सत्तेचाळीस वर्षांची, लातूरला नोकरी करणारी, बिनलग्नाची. माधव मुखेडचा, आमच्याच गल्लीतला. बाजाराच्या दिवशी त्याच्या वडिलांच्या बांगड्यांच्या दुकानात आम्ही दोघं फुटक्या काचा वेचत बसायचो. पुढे तो नांदेडला शिक्षक झाला, संसार झाला, बायको वारली. गेल्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तो दवाखान्यात भेटायला आला. मी सवयीने त्याच्या हातात सामानाची यादी ठेवली. त्याने सगळं आणलं, शिवाय यादीत नसलेली एक उशी आणली. म्हणाला, "ही काकूंची नाही, तुझी. बाकड्यावर झोपून मान धरली असेल." माझ्या मानेचा विचार इतक्या वर्षांत कुणी केला नव्हता. त्या रात्री उशी असूनही मला झोप आली नाही.

लग्नाचं काढलं तेव्हा दादा भडकला. "गल्लीतला पोरगा भावासारखा असतो. आणि या वयात? लोक हसतील."

"हसू दे. दात त्यांचेच दिसतील," मी म्हणाले.

खरी अडचण मला आणि दादाला, दोघांनाही माहीत होती. आई माझ्याकडे राहते. मी गेले तर ती कुठे राहणार, हे दादा बोलत नव्हता. आई मात्र कुणाचीच बाजू घेत नव्हती, आणि तिचा आशीर्वाद नसेल तर माझं लग्न कोर्टाच्या कागदापुरतंच राहणार होतं.

शेवटी दादाने ठरवलं, देवीला विचारू. देवळात चिंतामणीचा गोल दगड आहे. त्यावर दोन्ही हात ठेवून मनात प्रश्न धरायचा. दगड उजवीकडे फिरला तर हो, डावीकडे फिरला तर नाही. मी स्पष्ट सांगितलं, "मी हात लावणार नाही. देवीकडे मी बळ मागते, परवानगी नाही." मग दादाच बसला.

दगड डावीकडे फिरला.

"बघ," दादा म्हणाला. आईने पदर डोळ्यांना लावला. "तरी करणार," मी म्हणाले खरी, पण आपण दादाशी भांडता भांडता देवीशीच भांडायला लागलो की काय, असं पहिल्यांदा वाटलं. मनात म्हटलं, भवानी, अडवायचंच असेल तर तू अडव, दादाच्या हाताने नको.

मागे औशाकडची एक म्हातारी नंबर लावून उभी होती. ती पुढे झाली. "काय इचारलं व भाऊ तुम्ही?"

"बहिणीच्या लग्नाचं."

"तसं न्हाई. मनात बोल कसा धरला होता? जसा बोल, तसं उत्तर असतंय."

दादा घुटमळला. तो माझ्याशी कितीही वाकडं बोलेल, पण भवानीसमोर खोटं बोलणार नाही. खाली बघत म्हणाला, "हे लग्न मोडू का, असं विचारलं."

"मग मोडू नको म्हणाली की ती," म्हातारी म्हणाली. "आता सरका. मला म्हशीचं इचारायचंय."

वहिनीने हसू लपवायला तोंड फिरवलं. आईने डोळे पुसले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि दादाला म्हणाली, "मी हिच्यासंगं नांदेडला जाते. तुझ्याकडं जिना लई हाय."

दगड कशाने फिरतो, मला माहीत नाही. उजवीकडे फिरला असता तरी मी लग्न केलंच असतं, हे आजही सांगते. पण आईचा हात मला ओढून घेता आला नसता. माझ्या हट्टाला जिथवर जाता येत होतं तिथवर मी गेले. तिथून पुढचं मी भवानीवर सोडलं, आणि तिने एका अनोळखी बाईला बोलतं केलं. त्या बाईचं नावही विचारायचं राहिलं. रोज दिवा लावताना तिच्या म्हशीसाठी हात जोडते.

नांदेडला नोंदणी झाली. आई आमच्याकडे आहे. लग्नानंतरचा भवानीचा गोंधळ तेवढा बाकी आहे. गोंधळी सांगून ठेवलेत, परडी आणली आहे. पेटती दिवटी दादानेच धरायची, दुसऱ्या कुणी नाही, असं मी ठरवलंय. दर मंगळवारी त्याला फोन करते. काल म्हणाला, "बघू." तारीख अजून दिलेली नाही.