दौलतची आई

मुंबईहून कोणी गावात आले की भागीरथाबाई त्याला अंगणात बोलवत, तांब्याभर पाणी देत आणि विचारत, "समुद्र पायला का रे? कसा असते तो?" कोणी म्हणे खारट, कोणी म्हणे निळा, कोणी हात पसरून दाखवे. बाई सगळे ऐकून घेत आणि पुन्हा तांदूळ पाखडू लागत.

युद्धानंतर दोनेक वर्षांनी मी सिहोऱ्याच्या शाळेत शिक्षिका म्हणून गेले आणि त्यांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली. हा प्रश्न कशासाठी, ते मला त्यांच्या सुनेने, कमलने सांगितले. बाईंचा एकुलता एक मुलगा दौलत नौदलात होता. एकाहत्तरच्या युद्धात शत्रूच्या पाणबुडीने त्याचे जहाज अरबी समुद्रात बुडवले. घरी तार आली ती 'बेपत्ता' म्हणून. पुढे सरकारने त्याला मृत धरले, बाईंनी धरले नाही.

"बेपत्ता म्हंजे मेला का मास्तरीणबाई? पत्ता लागला नाही, एवढंच ना?" त्या मला म्हणाल्या. भाऊबंदांनी दर्भाचा पुतळा करून तेरवी उरकून घ्या म्हणून आग्रह धरला, तेव्हा त्यांनी सांगितले, "जेचं तोंड पायलं नाही, तेची तेरवी मी कशी जेवू?"

त्यामुळे कमलचेही सगळे थांबले होते. विशीतली ती मुलगी. गळ्यात मंगळसूत्र, कपाळावर कुंकू आणि नवऱ्याचा ठावठिकाणा नाही. सणाला बायका तिला ओटी भरायला बोलवायचे की नाही, यावर कुजबुज करत. ती भाताच्या रोवणीला जाई, परत येई, सासूशेजारी बसून जेवी. दोघी फार बोलत नसत.

एका उन्हाळ्यात लाखनीकडचा सुखदेव नावाचा तरुण दारात आला. तोही दौलतच्याच जहाजावर होता आणि वाचला होता. त्याचा उंबऱ्यावरचा पाय आत येत नव्हता. बाईंनी त्याला हाताला धरून आत घेतले. "जेव आधी. मंग सांग."

तो जेवला. जेवला कसला, भाताशी खेळला. मग म्हणाला, "मावशी, यायले लई उशीर केला मी. हिंमतच होत नव्हती."

"तुवा पायला का तेले?"

"नाही. मी वर डेकवर होतो, म्हून पाण्यात उडी मारता आली. दौलत खाली इंजिनखोलीत होता. खालून कोनीच वर आलं नाही, मावशी. जहाज पाहता पाहता गेलं."

कमल दाराला टेकून उभी होती, ती खाली बसली. बाईंनी त्याच्यापुढचे ताट बाजूला सारले. मग विचारले, "पानी थंडं होतं का?"

"हो."

सुखदेव रडू लागला. "मीच काहून वाचलो, असं होते मले."

बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तू वाचला म्हून मले समजलं. नाही तं मी मरेपर्यंत वाट पाहत रायली असती. येत जा बापू."

तेरवी झाली. कमलच्या बांगड्या फोडायला आलेल्या बायकांना बाईंनी अंगणातूनच परत पाठवले. मंगळसूत्र त्यांनी स्वतः, दार लावून, हलक्या हाताने उतरवले. आत दोघी रडल्याचे मला भिंतीपलीकडून ऐकू आले. त्या दोघींचे रडणे मी प्रथमच ऐकले.

वर्षभराने त्यांनी कमलसाठी स्थळ पाहायला सुरुवात केली, तेव्हा गावात गहजब झाला. बाईंचा दीर, दौलतचा काका, दारात येऊन ओरडला, "घरची इज्जत घालवून राहिली तू, वहिनी!" बाई शांतपणे म्हणाल्या, "समुद्रानं एक नेला. दुसरी मी कायले बुडवू?"

कमल स्वतः तयार नव्हती. "तुमाले कोन पाहील, मामी?" असे तिने सासूला विचारले, तर बाई म्हणाल्या, "मले पाहाले तुले जन्मभर कोंडून ठेवू का? वेडी." तुमसरच्या एका विधुर कंपाउंडरशी, श्यामरावशी, तिचे लग्न झाले. पाठवणीला बाईंनी आईसारखी ओटी भरली.

पुढे शाळेने झेंडावंदनाला दौलतचा फोटो लावायचे ठरवले आणि हार घालायला बाईंना बोलावले. हार घालून त्या व्यासपीठावरून खाली उतरल्याच नाहीत. म्हणाल्या, "एकट्या माह्याच पोराचं नाव घेऊन राहिले तुमी. तेच्या संगं कितीक पोरं गेली. ते पाणबुडी धुंडाले गेलेल्या विमानातलीही गेली म्हंते सुखदेव. त्यायच्या माया कोन्या गावात असतील, कोनाले ठाऊक? त्यायचंही नाव घ्या." हेडमास्तर गडबडले. ती नावे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हती. "मंग उगे राहा थोडा वेळ," बाई म्हणाल्या. पटांगणातली सगळी शाळा उभी राहिली, आणि एरवी दटावूनही गप्प न बसणारी पोरे त्या दिवशी गप्प राहिली. तेव्हापासून सिहोऱ्याच्या शाळेत ती प्रथाच पडली.

ऐंशीच्या दशकात, धान कापणीच्या दिवसांत भागीरथाबाई गेल्या. शेवटचे दोन महिने त्या तुमसरला कमलकडे होत्या, पण अंत्यसंस्कार गावातच व्हावेत अशी त्यांची इच्छा होती. मीही स्मशानात गेले होते. सुखदेव खांदेकऱ्यांत होता. अग्नी द्यायला श्यामराव पुढे झाले, तेव्हा दौलतच्या काकाने त्यांचा हात अडवला.

"हा कोन लागते तिचा?"

कमल बायकांतून पुढे आली. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"जवाई," ती म्हणाली.

काकाने हात सोडला.